डॉ. कवाड आणि डॉ. कव्वाड

मी टायपिस्ट होते म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, मिनिटाला किती शब्द? मी 'पंचेचाळीस' सांगते आणि विषय संपतो. खरं तर या धंद्यात वेगाला फारशी किंमत नाही. समोरच्याला काय म्हणायचंय ते कळायला लागतं, आणि कळलं तरी त्यानं लिहून आणलंय तेच टाइप करावं लागतं. हे दुसरं मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. त्याचीच ही हकिगत आहे.

जालना जिल्हा झाला त्या वर्षी, एक्याऐंशीत, मी तिथल्या मस्तगड भागात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट काढली. नाव मोठं होतं. आत दोन इंग्रजी मशीन, एक मराठी, चार स्टुलं आणि एक टेबलफॅन. आमचे हे शाळेत मास्तर होते. त्यांना वाटलं, बायको चार महिन्यांत कंटाळेल. पण नवा जिल्हा, नवी कचेरी, रोज नवे अर्ज. मी कंटाळले नाही.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. एक काका दर महिन्याला सख्ख्या भावाविरुद्ध कलेक्टरच्या नावानं अर्ज टाइप करून घ्यायचे, माझ्याकडून तो मोठ्यानं वाचून घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि घरी जायचे. दोन वर्षांत त्यांनी एकही अर्ज कचेरीत दिला नाही. अशा लोकांत मी रमले होते, तेवढ्यात बन्सीडॉक्टर आले.

डॉ. बन्सीलाल कवाड. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या जालन्यात. वडिलांचं मोंढ्यात धान्याचं दुकान, यांचा सदर बाजारात छोटासा दवाखाना. वय पस्तिशीच्या आत, अंगानं काडी, आणि शर्टाच्या खिशावर कायम निळ्या शाईचा डाग. त्यांनी इंग्रजी मजकुराचे बारा-तेरा कागद पुढे ठेवले. अक्षर असं, की औषधाच्या दुकानदारानंही हात जोडावेत.

"ताई, एक ओळ टाइप करा, एक रिकामी सोडा," ते म्हणाले.

मला वाटलं, शेठजींच्या घरचा मुलगा, कागदाची पर्वा नाही. मी आपलं शहाणपण चालवलं आणि सगळा मजकूर दाटीनं चार पानांत बसवून दिला. डॉक्टरांनी पानं उलटसुलट करून पाहिली.

"काम एक नंबर हाये," ते म्हणाले, "पण हे परत करावं लागतंय."

"का?"

"त्या रिकाम्या ओळींत त्यांना माझ्या चुका लिहायच्या असतात."

वैद्यकातल्या संशोधनाचा लेख म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर दवाखान्यात काही बघतो, मोजतो, लिहून काढतो आणि तीन प्रती एखाद्या मासिकाकडे पाठवतो. मासिकवाले त्या दोन-तीन जाणत्या माणसांकडे धाडतात. त्या जाणत्यांची नावं लेखकाला कळू देत नाहीत. ते रिकाम्या ओळींत खोट काढतात, लेख परत येतो, डॉक्टर चिडतात, पाणी पितात, दुरुस्त करतात आणि मी पुन्हा टाइप करते. असं दोनदा-तीनदा झालं की कधीतरी तो छापून येतो. मग लेखक त्याच्या शंभरभर प्रती कपाटात ठेवून वाट बघतो, की जगात कुणाला तरी तो वाचावासा वाटेल.

एकदा डॉक्टरांचे वडील माडीचा जिना चढून वर आले. पांढरी टोपी, हातात छत्री. मुलगा रोज या जिन्यानं कुठं जातो, ते त्यांना बघायचं होतं.

"बन्सी इथं काय करून राह्यला, बाई?"

मी सांगितलं, लेख लिहितात.

"किती लोक वाचतात हे?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "साठ-सत्तर वाचत असतील, बाबूजी."

"दिवसाला?"

"न्हाई. एकूण."

शेठजींनी थोडा विचार केला. "आपल्या दुकानाची पाटी याच्यापेक्षा जास्त लोक वाचतात," असं म्हणून ते सावकाश जिना उतरले. डॉक्टर खाली मान घालून हसत होते. वडिलांचं म्हणणं बरोबरच होतं.

त्या पहिल्या लेखाचा विषय होता नारू. आज हा शब्द समजावून सांगावा लागतो. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत, माणसं पायऱ्या उतरून पाणी भरत. त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिसवांसारखे बारीक जीव असतात. ते पोटात गेले की त्यांच्याबरोबर नारूचं बी जातं, आणि वर्षानं माणसाच्या पायातून हातभर लांबीचा पांढरा दोरा बाहेर यायला लागतो. आग इतकी की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि बुडवला की तो दोरा पाण्यात पुन्हा बी सोडतो. औषध नाही. आगकाडीला दोरा गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा.

हे टाइप करताना मी मधेच थांबले. डॉक्टर समोरच बसले होते.

"थकल्या का?"

"न्हाई," मी म्हटलं. "माझ्या दादाला झाल्ता."

माझं माहेर कुंभार पिंपळगावच्या जवळ. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ऐन पेरणीत त्याच्या पायाला नारू आला. काम खोळंबलं म्हणून त्यानं घाई केली, दोरा जोरात ओढला आणि तो आतच तुटला. पाय खांबासारखा सुजला. त्या साली पेरणी आमच्या मायनं आणि वहिनीनं केली. दादा चालायला लागला, पण त्याचा पाय गुडघ्यात पुन्हा पूर्ण कधी वाकला नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला गावात घेऊन चालता का?"

त्या रविवारी आम्ही गेलो. आमचे हे, डॉक्टर आणि मी, एस.टी.नं, मांडीवर सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी. डॉक्टरांना बारवेचं पाणी निरनिराळ्या कापडांतून गाळून बघायचं होतं. कोणत्या कापडातून ते जीव निसटतात, कोणत्यात अडकतात. त्यांनी जालन्याहून नवंकोरं, दाट विणीचं कापड आणलं होतं आणि ते घडी करून मायच्या घागरीवर बांधलं. मायनं पाणी ओतलं. पाणी कापडावर साचून राहिलं, खाली उतरेना.

माय पाच मिनिटं थांबली आणि म्हणाली, "साहेब, हे बराबर न्हाई. अशानं दोन घागरीला दुपार व्हईल. तुम्ही गेला की बाया हे काढून ठेवतील."

"मंग कशातून गाळायचं?"

मायनं दांडीवरचं जुनं लुगडं ओढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, जागोजागी विरलेलं. ते घागरीवर टाकलं आणि पाणी झटक्यात खाली गेलं. डॉक्टरांनी तिथंच ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला. एकेरी लुगड्यातून काही जीव खाली उतरले होते. डॉक्टरांनी लुगडं दुहेरी केलं. पाणी तसंच झटक्यात गेलं, आणि या खेपेला एकही उतरला नाही. त्यांनी तोच प्रयोग चार वेळा केला. मग मायला आत डोकावायला लावलं. कापडावर अडकलेले जीव पाहून ती मागे सरली.

"हे आम्ही पेत होतो का?"

"हो, माय."

दादा ओट्यावर पाय लांब करून बसला होता, त्याच्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि ते लुगडं डॉक्टरांच्या हातात दिलं. "न्या," म्हणाली. "अजून काही बघायचं असलं तर बघा."

डॉक्टर पुढची दीड-दोन वर्षं अनेक गावांत असं पाणी गाळत फिरले. लोक मागे हसायचे. धोतराचा डॉक्टर, लुगड्याचा डॉक्टर. त्यातून दुसरा लेख तयार झाला, जुन्या धुतलेल्या कापडाबद्दलचा. तो टाइप करताना मला पहिल्यांदाच धंद्याचा अभिमान वाटला, कारण त्यातलं 'अनेक वर्षं वापरलेलं सुती लुगडं' माझ्या मायचं होतं.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या मशीनचं डब्ल्यू तुटलं.

अक्षराची दांडीच मोडली. दुरुस्तीवाला औरंगाबादहून महिन्यातून एकदा यायचा आणि तो नुकताच येऊन गेला होता. दुसऱ्या इंग्रजी मशीनवर परीक्षेची मुलं बसलेली. डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते थांबलेही असते. पण बाजारात एक नवी इन्स्टिट्यूट निघाली होती, तिथं चकचकीत मशीन होती, आणि मला भीती वाटली की ते तिकडं जातील. म्हणून मी टायपिस्टांची जुनी युक्ती केली. डब्ल्यूच्या जागी एक व्ही मारायचा, रोलर अर्धं घर मागे धरून दुसरा व्ही त्याला चिकटवायचा. मी ते काम इतकं सफाईदार केलं की डॉक्टरांनी सगळी पानं तपासली आणि त्यांना काही कळलं नाही. मी मनात खूष झाले.

लेख सात-आठ महिन्यांनी छापून आला. डॉक्टर अंक घेऊन जिना जवळजवळ पळत चढले. मी पान उघडलं. लेखाचं नाव बरोबर, जालना बरोबर, आणि मधे लेखकाचं नाव: के-ए-व्ही-व्ही-ए-डी. कव्वाड.

"छापखान्याची चूक असल," डॉक्टर म्हणाले. "जाऊ द्या. घरातसुद्धा आम्ही एकसारखं कुठं लिहितो."

ते गेल्यावर मी माझ्याकडची कार्बनची प्रत काढली. वरच्या पानावर जे बेमालूम दिसत होतं, ते खालच्या फिकट प्रतीत उघडं पडलं होतं. दोन व्ही शेजारी शेजारी, सुटे. छापखान्यात बहुतेक अशीच एखादी फिकट प्रत गेली असणार. मजकुरातले शब्द त्यांनी समजून दुरुस्त केले होते. 'वॉटर' कुणीही दुरुस्त करील. पण जालन्याच्या माणसाचं आडनाव तिथं बसून कोण दुरुस्त करणार?

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि मग इतके दिवस गेले की सांगणं जास्त अवघड झालं.

त्यात गंमत अशी की डॉक्टरांच्या पहिल्या लेखाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि या लेखाला मात्र पंख फुटले. लेखाची प्रत पाठवा अशी विनंतीची कार्डं येऊ लागली. कुठली कुठली तिकिटं, काही देशांची नावं मी नकाशात शोधली. सगळी कार्डं डॉ. कव्वाड यांच्या नावे. आमचा पोस्टमन प्रामाणिक माणूस. पहिली दोन कार्डं त्यानं 'या नावाचा इसम गावात नाही' असा शेरा मारून परत पाठवली. तिसरं घेऊन दवाखान्यात आला.

"डॉक्टरसाहेब, हे कव्वाड कोण? तुमचे पाहुणे का?"

"मीच."

"मंग कवाड कोण?"

"तोबी मीच."

पोस्टमननं कार्ड दिलं, पण त्याचा विश्वास बसला नव्हता, असं डॉक्टर मला हसत हसत सांगत होते. मला हसू येत नव्हतं.

दुसऱ्यानं आपला लेख वाचून स्वतःच्या लेखात खाली आपलं नाव दिलं, तर संशोधकांच्या जगात त्याला फार मान. डॉक्टरांनी मला ते समजावलं होतं. कुणाच्या लेखाचा कुणी, किती वेळा आधार घेतला याच्या जाडजाड याद्या निघतात, मोठ्या ग्रंथालयांत असतात, अक्षर मुंगीएवढं.

"म्हणजे कोर्टातल्या साक्षीदारासारखं," मी म्हटलं.

"बराबर. खटला त्याचा, साक्षीदार आपण. जेवढ्या खटल्यांत बोलावतील तेवढी पत मोठी."

डॉक्टर मुंबईला कामासाठी गेले तेव्हा त्यांनी तिथल्या ग्रंथालयात ती यादी पाहिली. परत आल्यावर म्हणाले, "ताई, कव्वाडचं नाव दिसलं चार-पाच ठिकाणी. कवाडला कुणी विचारत न्हाई. मधे पानभर दुसरीच माणसं आहेत, त्यामुळं दोघांची भेटबी होत न्हाई."

मग आला तिसरा लेख. हा मोठा, कितीतरी गावांतलं तीन वर्षांचं काम. दिल्लीच्या एका संस्थेची एक योजना होती. ती मिळाली असती तर जालन्यात नारूच्या कामासाठी छोटं केंद्र निघालं असतं. जीप, दोन माणसं, चांगला सूक्ष्मदर्शक. त्या अर्जाला हा लेख जोडायचा होता, आणि तसं डॉक्टरांनी संपादकांनाही कळवलं होतं. डॉक्टरांनी कधी नाही ते स्वतःसाठी काही मागितलं होतं.

लेखाच्या शेवटी आधारासाठी घेतलेल्या जुन्या लेखांची यादी असते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या यादीत त्यांचा कापडाचा लेख होता आणि नाव छापलं तसंच लिहिलं होतं, कव्वाड. माझं मशीन आता दुरुस्त झालेलं. मी मनाशी म्हटलं, निदान इथं तरी चूक सुधारू. गुपचूप 'कवाड' केलं. डॉक्टर घाईत होते, त्यांनी यादी तपासली नाही.

दोन-अडीच महिन्यांनी ते जिना चढून आले. या वेळी सावकाश. त्यांनी एक पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"वाचा."

संपादकांचं इंग्रजी फार सभ्य होतं. जाणत्यांपैकी एकानं लिहिलं होतं, की जालन्याचेच डॉ. कव्वाड यांनी या विषयावर मोलाचं काम आधीच केलं आहे. प्रस्तुत लेखकानं त्यांची काही वाक्यं जशीच्या तशी घेतली आहेत. इतकंच नाही, तर यादीत डॉ. कव्वाड यांचा लेख चक्क स्वतःच्या नावावर दाखवला आहे. हा प्रकार गंभीर आहे. गाव लहान असल्यानं लेखकानं डॉ. कव्वाड यांना भेटून खुलासा घ्यावा. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर दिल्लीच्या संस्थेला कळवणं भाग पडेल.

"जाऊन भेटून येतो म्हणलं कव्वाडांना," डॉक्टर म्हणाले. ते हसायचा प्रयत्न करत होते, पण चेहरा उतरला होता. "माझीच चोरी मीच केली म्हणतात. यादीत नाव कुणी बदललं, ताई?"

मी उठून कपाटातली कार्बनची प्रत काढली आणि सगळं सांगितलं. मोडलेलं डब्ल्यू, दोन व्ही, नव्या इन्स्टिट्यूटची भीती, गुपचूप केलेली दुरुस्ती. डॉक्टरांनी प्रत उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिली.

"लई सफाईदार काम केलं हो तुम्ही," ते म्हणाले.

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"छापखान्यावर टाकू. यादीचं म्हणाल तर माझी नजरचूक. तुमचं नाव कशाला यात? इन्स्टिट्यूट बदनाम व्हईल."

"छापखान्याची चूक न्हाई. त्यांनी कागदावर होतं ते छापलं."

"ताई, त्यांना जालन्यातली टायपिस्ट काय माहीत?"

"मला माहीत हाये ना," मी म्हटलं.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त कागद कशाचे निघत असतील तर नावातल्या फरकाच्या प्रतिज्ञापत्रांचे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. सदर दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत, असं शपथेवर लिहून द्यायचं. अशी कितीतरी मी झोपेत टाइप केली असती. त्या दिवशी दार लावून घेतलं आणि स्वतःसाठी एक केलं. मी, अमुक, धंदा टंकलेखन, शपथेवर लिहून देते, की माझ्या मशीनवरील डब्ल्यू हे अक्षर नादुरुस्त असताना मी त्याऐवजी दोन व्ही वापरले, ही बाब डॉक्टरांपासून लपवली, पुढील लेखाच्या यादीत त्यांना न विचारता नाव बदलले, डॉ. कवाड व डॉ. कव्वाड हे एकच असून त्यांनी कुणाचीही चोरी केलेली नाही. एक मराठी, एक इंग्रजी. सोबत दोन व्हींचा नमुना आणि दुरुस्त डब्ल्यूचा नमुना.

तहसीलच्या पेशकारांना, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनांना, मी रोज भेटायचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"बाई, हे कोणत्या जमिनीचं?"

"जमिनीचं न्हाई. नारूचं."

"नारूचा वारस लावायचा का?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "वीस वर्सं झाली मला इथं," ते म्हणाले. "चूक दुसऱ्यानं केली असं लिहून देणारे रोज येतात. स्वतः केली म्हणून शपथ घेणारं माणूस पयल्यांदा पाहून राह्यलो. तुमचं नुकसान तर न्हाई ना होणार?"

"झालं तर झालं."

त्यांनी कागद घेतला आणि साहेबांकडे स्वतः सही घ्यायला गेले. त्या दिवशी मला रांगेत उभं राहावं लागलं नाही.

कागद संपादकांना गेले, त्यांच्या नकला दिल्लीला गेल्या. संपादक समजूतदार निघाले. लेख छापला, आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरांत खुलासा, की डॉ. कव्वाड आणि डॉ. कवाड हे एकच असून फरक टंकयंत्रातील दोषामुळे झाला आहे. माझं नाव त्यांनी घातलं नाही. सगळा दोष यंत्रावर. मी तो खुलासा कापून मशीनच्या झाकणाला आतून चिकटवला.

दिल्लीची गोष्ट मात्र सुधारली नाही. संशयाची कुणकुण तिथं आधीच लागली होती, आणि आमचे कागद पोहोचले तोवर निवड होऊन गेली होती. केंद्र दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला मिळालं. त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं, की अर्जदाराविषयीचा संशय पूर्ण दूर झाला आहे, पण निर्णय बदलता येणार नाही. डॉक्टरांनी ते पत्र मला दाखवलं आणि घडी करून ठेवून दिलं. त्यानंतर त्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. जीप आली नाही. एस.टी. होती आणि एक जुनी स्कूटर होती. डॉक्टर त्यावरच फिरत राहिले. दर रविवारी कुठल्या तरी गावाला, पिशवीत जुनी कापडं घेऊन. आज मी कितीही हसत हे लिहीत असले तरी ती स्कूटर पावसाळ्यात ढकलत नेणारे डॉक्टर डोळ्यांपुढे आले की हात थांबतो.

ते मला सोडून त्या नव्या इन्स्टिट्यूटमध्ये गेले नाहीत. एवढंच केलं, की प्रत्येक लेखाचं पहिलं पान हातात घेतलं की आधी स्वतःचं नाव भिंगातून तपासायचे. मी समोर असले की जरा जास्तच वेळ.

पुढं सरकारचं काम जोरात आलं. बारवांच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप बसले, घरोघर गाळणीची कापडं वाटली गेली. त्यात कुणाच्या लेखाचा वाटा किती, हे कोण सांगणार? मी एकदा डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मायला माहीत असल." नारूचे रोगी कमी कमी होत गेले, आणि त्यावर लिहिणारेही कमी होत गेले. कार्डं येणं थांबलं. डॉक्टरांनी मधुमेहावर, आणखी कशाकशावर थोडंफार लिहिलं, पण ती धाव राहिली नव्हती. मशीनच्या जागी माझ्याकडेही दोन कॉम्प्युटर आले. त्यांचं डब्ल्यू कधी तुटलं नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांची मुलगी पुण्याहून आली. तीही डॉक्टर. वडिलांच्या साठीनिमित्त तिनं कॉम्प्युटरवरून त्यांच्या सगळ्या लेखांची आणि त्यांच्या साक्षीदारांची यादी काढून आणली आणि आम्हा दोघांपुढे ठेवली. कवाड अर्धं पान. कव्वाड दोन पानं. तो खुलासा परदेशात बहुधा कुणी वाचलाच नव्हता. वीस वर्षं सगळे कव्वाडांनाच विचारत होते.

"पप्पा, दोन्ही एकत्र करून देता येतं आता," ती म्हणाली. "एक पत्र लिहायचं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले. "कव्वाड माझ्यापेक्षा हुशार माणूस हाये. त्याच्या जिवावर मी जगून राह्यलो. अन् पत्र टाइप करायला ताईंकडं द्यावं लागंल."

तिघंही हसलो. पण यादीत एक गोष्ट मला दिसली आणि मी विचारलं, की शेवटच्या काही वर्षांसमोर जागा रिकामी का आहे. मुलगी म्हणाली, आता त्याचा कुणी आधार घेत नाही. देशात नारूच राहिला नाही, तर त्यावर लिहिणार कोण? डॉक्टर त्या रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघत राहिले. वाईट वाटलं का, असं मी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात ते म्हणाले, एकदा तुमच्या गावाकडं जाऊन येऊ. माय जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा होता, तसाच पाय लांब करून ओट्यावर बसणारा. त्याला भेटलो, बारव पाहिली. कठड्याला जाळी लागलेली, आत झुडपं. परतताना कुंभार पिंपळगावला उतरलो. बाजाराचा दिवस होता. चहाच्या हॉटेलात बाकावर बसलो तर शेजारी तिशीतला एक शेतकरी, पायाशी दोन पिशव्या, बाजारहाट करून एस.टी.ची वाट बघत बसलेला. डॉक्टरांना सवयच. जाईल तिथं विचारायचे.

"इकडं नारू हाये का कुठं अजून?"

तो विचारात पडला. "नारू?"

"हां. नारू."

"कोणत्या कंपनीचं बियाणं म्हणता?" त्यानं विचारलं. "कापसाचं का सोयाबीनचं? मागल्या साली तर दुकानात न्हाई आल्तं. मी सगळी दुकानं फिरून बसलोय."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"जुनं वाण होतं," ते म्हणाले. "बंद झालं."

"असं व्हय," तो म्हणाला. तेवढ्यात एस.टी. आली, तो पिशव्या उचलून गेला. डॉक्टर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिकडं बघत होते. मग त्यांनी हॉटेलवाल्याला हाक मारली आणि आणखी दोन चहा सांगितले.